घाटेअळीचे माहेर

२०१३ सालच्या डिसेंबरात नेवासे तालुक्यातील एका गावी फवारणीच्या मजुरीवरून तंटा उभा राहिला आणि तो मिटविण्यासाठी आमच्या संघटनेस बोलावणे आले. तंटा तसा लहानच होता. एका बागाइतदाराने हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी दोन गड्यांकडून फवारणी करवून घेतली होती. आठ दिवसांनी पाहतो तो घाट्यांवर पुन्हा अळी. त्याने मजुरी अडवून धरली. त्याचे म्हणणे असे : "औषध माझं, पंप माझा, पैका माझा, आन् अळी हाय तिथंच. यांचा हात नीट फिरला न्हाई." गडी म्हणत, "दादा, एक ओळ सोडली न्हाई. आता नवी पडली तिला आमी काय करावं?"

अशा तंट्यांस आम्ही नवखे नव्हतो. कारखान्यात माल बिघडला की यंत्राच्या आधी कामगाराचा हात तपासला जातो, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. परंतु त्या दिवशी नुसत्या वकिलीने भागणारे नव्हते. आठ दिवसांनी दिसलेली अळी जुनी, उरलेली होती की नवी आलेली, यावर मजुरी अवलंबून होती. हा प्रश्न सोडविला तो आम्ही नव्हे. निंदणी-खुरपणीला जाणारी एक वृद्ध बाई बांधावर बसून सारे ऐकत होती. ती म्हणाली, "आरं, भांडता कशापायी? अळी केवढी हाय ती बघा की." आम्ही सारे रानात उतरलो. बहुतेक अळ्या करंगळीच्या नखाएवढ्याही नव्हत्या. बोटाएवढ्या म्हणाव्या अशा थोड्याच. थंडीच्या दिवसांत या अळीची पूर्ण वाढ व्हावयास तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तेव्हा या बारक्या अळ्या फवारणीनंतर अंड्यांतून निघालेल्या होत्या, हे मालकासही मान्य करावे लागले. उरलेल्या मोठ्या अळ्यांविषयी आम्ही वाद घातला नाही. त्यांच्यापर्यंत औषध पोहोचले नसेल किंवा पोहोचून लागू पडले नसेल.

मजुरी मिळाली. पण मालक उठता उठता म्हणाला, "नवी आली तर आली कुठून? त्या शेजाऱ्याच्या तुरीतून. त्यानं एक डाव फवारलं न्हाई." म्हणजे आरोप मिटला नव्हता, त्याने फक्त बांध ओलांडला होता. घाटेअळीचे माहेर कोणते, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यात बसला. आम्ही कीटकशास्त्री नव्हे. पण मिळेल ते वाचीत, जाणत्यांना विचारीत गेलो. त्यातून जे हाती लागले ते या वसंत व्याख्यानमालेच्या निमित्ताने मांडीत आहो.

आपल्या भाषेत या प्रश्नाची एक जुनी उकल दडलेली आहे. अळी 'पडते' असे आपण म्हणतो, पाऊस पडतो तशी. चार दिवस आभाळ आले की म्हातारी माणसे सांगतात, आता हरभऱ्यावर अळी पडणार. यात निरीक्षण खरे आहे. ढगाळ, दमट हवेत अळीचा उपद्रव वाढलेला पुष्कळदा दिसतो. पण ढगांतून अळी येत नाही. संध्याकाळनंतर एक फिकट तपकिरी पतंग शेतावर येतो. त्याची मादी कोवळी पाने, कळ्या, फुले यांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. खसखशीच्या दाण्याहून लहान अशी ती अंडी कोणाच्या नजरेस येत नाहीत. तीन ते पाच दिवसांत, थंडी असेल तर थोडे उशिरा, त्यांतून अळी निघते. दिवसा रानात वावरणाऱ्या माणसास रात्रीचा पतंग दिसत नाही आणि सकाळी अळी दिसते. म्हणून ती पडली असे त्यास वाटते.

दुसरी उकल नावात आहे. हीच अळी कपाशीवर आली की तिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो. हे नाव चुकीचे आहे. जुन्या जगातील हा किडा आणि अमेरिकेतील त्याचा जवळचा भाऊबंद, हे दोन्ही बराच काळ एकच समजले जात. १९६५ साली कॅनडातील कीटकशास्त्रज्ञ हार्डविक यांनी पतंगांच्या जननावयवांची बारीक तपासणी करून या कुळाची नीट वाटणी केली आणि हेलिकोव्हर्पा हे नाव रूढ झाले. आपली घाटेअळी आशिया, आफ्रिका, दक्षिण युरोप, ऑस्ट्रेलिया या भागांतली ठरली. पुढे २०१३ साली हीच अळी ब्राझीलमध्ये आढळल्याचे जाहीर झाले. ज्या वर्षी नेवाशात आम्ही अमेरिकन म्हणून तिच्यावर बोट ठेवीत होतो, त्याच वर्षी अमेरिका खंडातले शेतकरी, ही कोठून आली, असे विचारीत होते. कीड नेहमी परक्याची असते, असे मानण्याकडे मनुष्याचा कल आहे. मजुराने आणली, शेजाऱ्याने आणली, परदेशाने आणली.

हा प्रश्न शास्त्राने प्रथम हाती घेतला तो टोळांच्या बाबतीत. टोळधाड हेही पूर्वी आकाशातून कोसळणारे संकट होते. १९३० नंतरच्या दशकात वाय. रामचंद्र राव आणि त्यांचे सहकारी यांनी सिंध, बलुचिस्तान व राजस्थानच्या वाळवंटात राहून वर्षानुवर्षे टोळांची पाहणी केली. त्यातून दिसले की, टोळांचे एक घर नाही. हिवाळी पावसावर ते बलुचिस्तान-इराणकडे वाढतात आणि आपल्याकडचा मोसमी पाऊस आला की सिंध-राजस्थानच्या वाळूत अंडी घालतात. ऋतूबरोबर माहेर बदलते. पुढे १९५१ साली रेनी या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखविले की, टोळांच्या झुंडी वाऱ्याबरोबर वाहत जातात, आणि वारे जेथे एकत्र येऊन पाऊस पाडतात तेथेच त्या गोळा होतात.

या ज्ञानाचा उपयोग काय झाला? १९३९ साली टोळ-इशारा संघटना स्थापन झाली. टोळाचा उगम कोणा एकाच्या शेतात नाही हे कळताच, त्याची राखण एका शेतकऱ्याने करावयाची नसून सरकारने आणि अनेक देशांनी मिळून करावयाची आहे, हेही ठरले. आम्हांस हा इतिहासातील मोठा धडा वाटतो. उगम कळला तेव्हा आरोप थांबला आणि पहारा सुरू झाला. २०२० च्या मे महिन्यात टोळ अमरावती-नागपूरपर्यंत आले, तेव्हा कोणत्याही मालकाने आपल्या गड्यास जबाबदार धरल्याचे आम्ही ऐकले नाही.

पतंगाचे काम टोळाहून अवघड. टोळांची झुंड दिवसा उडते आणि सूर्य झाकून टाकते. पतंग रात्री उडतो आणि सुटासुटा उडतो. त्याला मोजावयाचे तर दिवा लावून किंवा मादीच्या गंधाची नक्कल करून बोलवावे लागते. पहिला तो प्रकाश-सापळा, दुसरा कामगंध सापळा. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली निमकोरडवाहू प्रदेशांच्या पिकांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. तिला इक्रिसॅट म्हणतात. तूर आणि हरभरा ही तिची पिके, म्हणून घाटेअळी ही तिची पहिल्यापासूनची शत्रू. १९८१ च्या नोव्हेंबरात तेथे या किडीच्या बंदोबस्तावर निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांची परिषद भरली. देशात ठिकठिकाणी सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजावयाचे आणि आकडे एकत्र करावयाचे, असे काम त्या काळात सुरू झाले. टोळांच्या वाऱ्यांचा अभ्यास ज्या परंपरेत झाला तीतीलच एक हवामानशास्त्रज्ञ, डेव्हिड पेजली, यांनी पुढे सापळ्यांतील पतंगांचे आकडे आणि त्या त्या रात्रींचे वारे यांची सांगड घालून पाहिली. इंग्लंडात हा पतंग मधूनमधून सापडतो, पण तेथील हिवाळा त्यास सोसत नाही. तो भूमध्य समुद्राकडून वाऱ्यावर शेकडो मैल येतो. भारतातही तो वाऱ्यावर दूर जातो, असे पेजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले.

मग घाटेअळीचे माहेर वारा, असे म्हणून मोकळे व्हावे काय? आमच्या मते नाही. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू.

पूर्ण वाढलेली अळी झाडावरून उतरते, जमिनीत दोन-चार बोटे खोल शिरते आणि तेथे कोश करते. साधारण दहा-पंधरा दिवसांनी त्यातून पतंग निघतो. उत्तर भारतात कडक थंडी पडली की पुष्कळ कोश महिनेच्या महिने जमिनीत निजून राहतात. दक्षिणेकडे हे प्रमाण अगदी थोडे. याचा अर्थ असा की, आपल्याकडे या किडीस बारा महिने काही ना काही हिरवे खावयास हवे. ते तिला मिळते. भारतात १८० च्या वर वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे. मृगानंतर मूग, सोयाबीन, मका, मग कपाशीची बोंडे, बाजरीची कणसे, कार्तिक-मार्गशीर्षात तुरीचा फुलोरा, त्यामागून हरभरा, आणि बांधावर कोळशी, रानभेंडी, पेटारी ही तणे. एका पिकाचा निरोप घेऊन ती दुसऱ्याच्या दारी जाते. एक पिढी सुमारे महिना-सव्वा महिन्याची.

खरी अडचण उन्हाळ्याची. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या जिरायत रानात चैत्र-वैशाखात काही हिरवे उरत नाही. जमीन तापते, कोश वाळतात, किडीची संख्या अगदी खाली जाते. परंतु प्रवरेच्या काठी तसे नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पुढे मुळेचे पाणी आले, आणि त्यावर या जिल्ह्याची साखर, दूध व भाजीपाला उभा राहिला. त्या पाण्याचे उपकार आम्ही विसरत नाही. त्यावर आमच्या संघटनेतील हजारो घरे जगली. पण ज्या पाटाने माणसास उन्हाळा तरून नेला, त्याने घाटेअळीसही तरून नेले. संगमनेर-अकोल्याचा टोमॅटो आणि गाईंसाठी लावलेला लसूणघास यांवर ती वैशाखातही तग धरते. एकाच जिल्ह्यात उत्तरेकडे तिचे बारमाही घर आणि दक्षिणेकडे तिची दरसालची वसाहत, असा हा प्रकार आहे.

वाऱ्याचेही पाहू. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा वारा. दिवाळीच्या सुमारास तो फिरतो आणि पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यातील कपाशी संपत येते, तूर पिकू लागते, आणि आपल्याकडचा हरभरा कोवळा असतो. तेव्हा डिसेंबरात वाऱ्याने पतंग आणलेच तर ते बहुधा पूर्वेकडचे असणार. नेवाशातल्या त्या अळ्यांचे माहेर शेजारची तूर असेल, मालकाच्या स्वतःच्या कपाशीखालची माती असेल, किंवा गोदावरीच्या खालच्या अंगाचा एखादा दूरचा तालुकाही असेल. तिन्ही एकाच रात्री खरे असू शकतात.

यातला कोणता पतंग कोठला हे ओळखण्याच्या युक्त्याही आता निघाल्या आहेत. १९८७ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी आरकॅन्सास राज्यात पकडलेल्या पतंगांच्या सोंडेवरील पराग सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत आपल्या विलायती चिंचेच्या जातकुळीतील झाडांचे पराग निघाले. ती झाडे तेथे होत नाहीत. ती दूर दक्षिण टेक्सासात होतात. पतंगाने वाटेत कोठे मध प्याला त्याची पावतीच त्याच्या तोंडावर चिकटलेली होती. दुसरी युक्ती याहून नवलाची. मका, ज्वारी, ऊस या पिकांतील कार्बन आणि कपाशी, तूर, हरभरा यांतील कार्बन यांत जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण वेगळे असते. अळीने लहानपणी जे खाल्ले त्याचा हा शिक्का पतंगाच्या पंखात कायम राहतो. २००२ साली अमेरिकेत या रीतीने पाहता, दक्षिणेकडे कपाशीत सापडलेल्या पतंगांपैकी पुष्कळसे मक्यासारख्या पिकावर वाढलेले निघाले. कपाशीवाल्याची कीड मक्यावाल्याच्या शेतात जन्मली होती, आणि मक्यावाल्यास त्याची दादही नव्हती.

येथे आमच्या मूळ तंट्याशी संबंध येतो. पतंग दूरवर जातो तेव्हा तो एकटा जात नाही. औषध पचविण्याची शक्तीही बरोबर नेतो. १९८७-८८ साली आंध्र प्रदेशातील कपाशीवर ही अळी आली तेव्हा शेतकऱ्यांनी त्या वेळच्या नव्या पायरेथ्रॉइड औषधांच्या फवारण्यांवर फवारण्या केल्या. अळी मरेना. पीक गेले, कर्ज राहिले, आणि कित्येक शेतकऱ्यांनी जीव दिला. तपासणीत आढळले की, अळीच्या अंगी त्या औषधांचा प्रतिकार तयार झालेला होता. अशा वेळी पंप धरणाऱ्याचा हात कितीही नीट फिरला तरी काय होणार? आणि ज्या शेतात ते औषध कधी फवारलेच नाही तेथेही अशा पतंगाची संतती येऊ शकते.

अमेरिकन लष्करी अळीचा इतिहास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. ही मात्र खरीच अमेरिकेची. तिकडे ती हिवाळ्यात फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाशी तेवढी टिकते, आणि दर वसंतात तेथून पिढ्यांमागून पिढ्या उत्तरेकडे थेट कॅनडापर्यंत जाते. थंडी पडली की तिकडची मरते. पुढल्या साली दक्षिणेकडून पुन्हा नवी येते. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्यास मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आली. आता आपल्या मुरघासाच्या मक्यात ती घरच्यासारखी वावरते. तिला मारील असा हिवाळा आपल्याकडे नाही. बाहेरून आलेली कीड येथलीच झाली. आता तिला परकी म्हणून उपयोग काय?

एवंच, घाटेअळीस एक माहेर नाही. काही पतंग आपल्याच मातीतून निघतात, काही वाऱ्याने येतात. प्रमाण दरसाल आणि दर पंधरवड्यास बदलते, आणि ते मोजूनच कळते. आपल्या मातीतल्यांसाठी उन्हाळी नांगरट आहे, बांधावरच्या तणांची काढणी आहे. ही कामे एकट्याने करता येतात, पण गावाने मिळून केली तरच त्यांना अर्थ. वाऱ्याने येणाऱ्यांसाठी पहारा आहे. २००८ साली मराठवाडा-विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीने हाहाकार उडविल्यावर, २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला. कृषी खात्याचे सांगणे साधे आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात लागोपाठ दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग पडू लागले, किंवा ओळीच्या एका मीटरात एक-दोन अळ्या दिसू लागल्या, तरच औषधाचा विचार करा. त्याआधी निंबोळी अर्क आहे, पाखरांसाठी रानात रोवलेले थांबे आहेत.

मोजण्याचे हे काम कोणी करावयाचे, हा आमचा शेवटचा मुद्दा. दिवसभर पिकात वाकून असणारी माणसे मजूर आहेत आणि त्यांत बहुतेक बाया आहेत. अळीचे वय तिच्या लांबीवरून सांगणारी ती नेवाशाची बाई कोणत्याही पाहणीच्या वहीत नाही. तिच्या हाती वही द्यावी, मोजणीच्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि तिच्या आकड्यावर फवारणी ठरवावी, अशी आमच्या संघटनेची मागणी आहे. ही दयेची मागणी नव्हे. फवारणी वाचली तर मालकाचे पैसे वाचतात, आणि आणखीही काही वाचते.

त्या दोन गड्यांपैकी एकास फवारणीच्या रात्री ओकाऱ्या झाल्या होत्या. हे आम्हांस तंटा मिटल्यावर, तेही त्याच्या बायकोकडून कळले. तो स्वतः तीन तास फक्त मजुरीचेच बोलत होता. तोंडाला फडके सुद्धा नव्हते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. फवारणाऱ्यास संरक्षक कपडे मिळावे, असे त्यांत लिहिलेले आहे. आम्ही ते त्या दिवशी मालकास वाचून दाखविले नाहीत, कारण आम्हांसच ते तेव्हा ठाऊक नव्हते. चार वर्षांनी, २०१७ च्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. ती बातमी वाचताना आम्हांस तो गडी आठवला. आपण त्याची मजुरी सोडवून आणली आणि त्याच्या ओकाऱ्या विचारावयाच्या राहिल्या, हे शल्य अजून आहे.

येत्या मार्गशीर्षात वारा पुन्हा फिरेल, हरभरा फुलावर येईल, आणि रात्री पतंग उतरतील. काही आपले, काही दूरचे. सकाळी बांधावर कोणी तरी म्हणेल, अळी पडली. त्या वेळी कोणाचा हात चुकला असे विचारण्याआधी, काल रात्री सापळ्यात किती पडले, एवढे विचारावे. तो आकडा सांगणारे माणूस गावात असावे, आणि त्याची मजुरी कोणी अडवू नये.